पास काढावा की नाही

१

बऱ्हाणपुरात 'स्कीम' हा शब्द उच्चारला की चांगल्या चांगल्यांचे कान टवकारतात. गिरधर महाजनांचे तर जन्मतःच टवकारलेले होते. सुताच्या एका पेढीवर ते हिशेब लिहायचे. दिवसभर दुसऱ्याचा फायदा बघायचा आणि संध्याकाळी आपला कुठे दिसतो का ते शोधत घरी यायचं, असा त्यांचा क्रम. त्या वर्षांत शोधायला रगडही होतं. जिल्हा नुकताच झाला होता, गच्च्यांवर मोबाईलचे टॉवर उभे राहत होते, आणि इंदूरला आहे ते इथे काऊन नाही, यावर पानठेल्यांवर वाद झडत होते. तेवढ्यात शाहपूर रोडला, केळीच्या बागांना लागून 'मनमौज वॉटर पार्क' निघालं आणि गिरधररावांना आयुष्यातला सगळ्यात गोड प्रश्न मिळाला. वर्षाचा पास काढावा की नाही?

"सालाना पास," त्यांनी जेवताना सांगितलं. "सालभर कव्हाही जा, कितीही बार जा. पाडव्यापर्यंत स्कीम आहे."

"आणि नाही गेलो तर?" कोकिळा म्हणाली. ती त्यांची बायको, मराठी शाळेत शिक्षिका. लेक इंदूरला शिकायला गेल्यापासून नवऱ्याला ताळ्यावर ठेवायचं काम तिच्याकडे एकटीकडे आलं होतं.

"अगं, पास असला की माणूस जातोच."

"म्हणजे मन झालं म्हणून नाही, पास आहे म्हणून जायचं. हे तर उलटंच झालं."

"मास्तरीणबाई, तुम्हाला मौजेतही व्याकरण लागतं."

शेवटी असं ठरलं की पाडव्यापर्यंतचे रविवार साधं तिकीट काढून जायचं. मन रमलं तर पास, नाही तर राम राम. मथुराबाईंना, म्हणजे गिरधररावांच्या आईंना, घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून सोबत घेतलं. नवरा गेल्यापासून म्हातारी देऊळ आणि लग्नकार्य सोडून कुठे गेली नव्हती. गुडघे धरून बसायची आणि कोणी काही विचारलं तर "माझं काय आता" एवढंच म्हणायची. कोकिळाला ते ऐकवत नसे. सासू-सुनेचे तोंडानं जरी खटके उडायचे तरी कोकिळाला आई नव्हती आणि मथुराबाईंना लेक नव्हती. दोघींनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

तर म्हातारीला सावलीत बसवून, भजी हातात देऊन दोघं नवराबायको लाटांच्या हौदाकडे गेली आणि परत आली तर बाक रिकामा. मथुराबाई बदकाच्या होडीत बसून, पदर कंबरेला खोचून, हात हलवत होत्या.

"कोकिळे," त्या ओरडल्या, "हे बदक आपल्या आपण चालतं वं."

२

ही बदकं म्हणजे दोन माणसांच्या फायबरच्या होड्या. सिमेंटचा अरुंद कालवा, त्यात वाहतं पाणी. बदक सोडलं की ते वळणं घेत जातं, एका खोट्या डोंगरातल्या गुहेत शिरतं आणि पलीकडून बाहेर येऊन काठाला लागतं. गुहेत कुंडी भंडाऱ्यासारखी, म्हणजे गावच्या जुन्या भुयारी नहरीसारखी, गोल छिद्रं ठेवून वरून उजेड सोडला होता. बऱ्हाणपूरच्या माणसानं काहीही बांधलं तरी त्यात कुंडी भंडारा डोकावतोच.

दुसऱ्या रविवारी गिरधरराव घसरगुंडीवर पोरासोरांच्या रांगेत उभे होते आणि कोकिळा कालव्याकाठी चहा घेत बसली होती. मथुराबाई फेऱ्यांवर फेऱ्या मारत होत्या. होड्या सोडणारा उखर्डू नावाचा सुस्त माणूस होता. शेंगा सोलत बसायचा आणि पायानंच बदक ढकलायचा. म्हातारीशी त्याची गट्टी जमली होती, कारण तिला उतरवायचं कामच पडत नव्हतं.

मथुराबाई अंगानं भरलेल्या. एकट्याच डाव्या बाजूला बसायच्या, त्यामुळे बदक डावीकडे कलायचं आणि मान वाकडी करून चालायचं. त्या वाकड्या मानेला कोकिळा पहिल्यांदा खूप हसली. मग तिनं बघितलं की गुहेत वाकडं गेलेलं बदक बाहेर येताना सरळ येतं.

तिनं चहाचा कप खाली ठेवला. पुढची फेरी नीट पाहिली. बदक वाकडं आत गेलं. पलीकडच्या तोंडातून आलं ते पाण्यावर अगदी समतोल, दोन्ही बाजूंना सारखा भार असल्यासारखं. मथुराबाई डाव्याच बाजूला होत्या. उजवी जागा रिकामी होती. मग गुहेची सावली संपली, बदकाच्या चोचीवर ऊन आलं, आणि ते पुन्हा डावीकडे कललं.

पाण्याची ओढ असेल, तिनं स्वतःला सांगितलं. गुहेत वळण असेल, वळणावर पाणी एका बाजूनं जोरात लागत असेल. पाचवीच्या पुस्तकात असतं हे सगळं. तिनं आणखी एक चहा मागवला आणि त्यानंतर मुद्दामच गुहेकडे पाठ करून बसली.

३

म्हातारी मात्र बदलली, आणि ती इतकी छान बदलली की काय सांगावं. गुडघ्यांचं नाव निघेना. सकाळी उठून अंगणात पाणी शिंपडायला लागली. "माझं काय आता" बंद झालं आणि त्या जागी "रविवारला कोणतं पातळ नेसू" सुरू झालं. गिरधरराव आईला एवढं हसताना बघून स्वतःच लहान व्हायचे. शनिवारीच मावा जिलेबी आणून ठेवायचे, उद्याच्या डब्यासाठी म्हणून, आणि अर्धी रात्रीच संपायची.

"बघ," ते कोकिळाला म्हणाले, "आई खूश, मग पास पक्का."

कोकिळालाही तसंच वाटत होतं. नाही म्हणायला कारण काय? एका संध्याकाळी दोघी मेथी निवडत बसल्या असताना तिनं सहज विचारलं, "आत्याबाई, त्या गुहेत एवढं काय आहे हो?"

"गारवा आहे. आणि बोलायला माणसं आहेत."

"कोणती माणसं?"

"बाया आहेत. फोपनारकडच्या वाटतात, बोली तशीच आहे." फोपनार हे मथुराबाईंचं माहेर. "एक तर माझ्या बाजूला येऊन बसते थोडा वेळ. मी सरकते."

कोकिळाच्या हातातली काडी हातातच राहिली. "काय बोलतात?"

"काय बोलणार, घरचंच. पोरं किती, सून कशी. मी म्हटलं सून चांगली आहे, जिभेला जरा तिखट आहे. मग होडी निघायला लागली की विचारतात, चालली का मथुरा? मी म्हणते, येते."

आता मराठी घरात याहून साधं बोलणं नाही. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, जाणं म्हणजे कायमचं जाणं. कोकिळाची शाळेतली पोरं हिंदीच्या नादात "मॅडम, जातो" म्हणायची आणि ती रोज दारात उभी राहून दुरुस्त करायची, जातो नाही रे, येतो म्हणावं. तिनं मान डोलावली आणि मेथी पुढे निवडली. गुहेत कामाला बाया ठेवल्या असतील. साफसफाईच्या असतील. तिला ते पटलंही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिला रिक्षा स्टँडवर मथुराबाई दिसल्या. चांगलं पातळ, पायात चप्पल, हातात पिशवी. रिक्षावाल्याला शाहपूर रोडचं भाडं विचारत होत्या.

"आत्याबाई, आज सोमवार आहे. कुठे निघालात?"

मथुराबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तीच खुळी आहे. "येते म्हणून सांगितलं ना त्यांना. किती बार सांगितलं. सांगायचं आणि जायचं नाही, असं करतं का कोणी?"

४

पुढच्या रविवारी कोकिळानं आधी उखर्डूला गाठलं. "गुहेत बाया कोणत्या काम करतात?"

"बाया?" उखर्डूनं शेंगेचं टरफल पाण्यात टाकलं. "आतमधे कोई नाही, मॅडम. उभं राहायला जागाच नाही ना. आधी एक स्पीकर होता, जंगलाचे आवाज यायचे. उंदरांनी वायर खाल्ली, तेव्हापासून बंद आहे."

"मग बोलण्याचा आवाज कसा येतो?"

"पाणी बोलतं कधी कधी," उखर्डू म्हणाला आणि हसला. गडी भला होता, पण डोक्याला त्रास देणारा नव्हता.

मथुराबाईंचं बदक आत गेलं. कोकिळा पलीकडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. मागून सोडलेलं, एका जोडप्याचं बदक आधी बाहेर आलं. त्यांनी कोणाला ओलांडलेलं नव्हतं, ओलांडायला कालव्यात जागाच नव्हती. ती दोघं मजेत पाणी उडवत निघून गेली.  आत अंधारात बायकांचं हसू चाललं होतं. बारशाला घर भरल्यावर स्वयंपाकघरातून येतं तसलं, मोकळं, एकमेकींवर सांडणारं हसू. त्यात तिच्या सासूचंही होतं.

मग बदक आलं. ते पाण्यात इतकं खोल बसलं होतं की काठावरून पाणी आत यायचं बाकी होतं. मथुराबाई एका कोपऱ्यात अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, आणि बाकी सगळी होडी रिकामी होती. ऊन लागलं तसं बदक एकदम उचललं गेलं.

"किती दाटी केली बायांनी," मथुराबाई उतरता उतरता म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आनंदानं. "मी त्यांना पासचं सांगितलं. म्हटलं, पोरगा वर्षभराचा पास काढतोय. तर काय खूश झाल्या. म्हणतात, मग आता घाईघाईत काऊन जाते, पास निघाला की मुक्कामालाच ये."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येते म्हटलं."

 कोकिळानं म्हातारीचा हात जो धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. भीती म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. साप-विंचवाची, चोरांची, ती भीती वेगळी. आपलं माणूस आपल्या देखत हसत हसत दुसरीकडे निघालंय आणि त्याला थांबवायला आपल्याकडे एकही शहाणं कारण नाही, ही भीती वेगळीच असते.

५

"पास काढायचा नाही," तिनं त्या रात्री जाहीर केलं.

गिरधररावांनी घास खाली ठेवला. "का?"

आता काय सांगणार? बदक सरळ येतं म्हणून? मागची होडी पुढे आली म्हणून? मनातल्या मनात मांडून बघितलं तर प्रत्येक गोष्ट पोरकट वाटत होती. "पाणी थंड असतं," ती म्हणाली. "आत्याबाईंना बाधेल."

"आईला? अगं, ती परवा जिना चढून गच्चीवर गेली. डॉक्टरनं जे केलं नाही ते बदकानं केलं." मग ते डोळे मिचकावून म्हणाले, "का गुहेत भूतबित दिसलं मास्तरीणबाईंना?"

 मथुराबाईंनी ताट बाजूला सारलं आणि बऱ्याच दिवसांनी गुडघ्यावर हात ठेवला. ते बघून कोकिळाला रडू आलं. हिचं एवढंसं सुख, आणि आपणच त्यावर पाय देतोय. पण पास काढला तर ही राहायलाच जाईल, आणि ते राहणं कसलं हे कोकिळाला सांगता येत नसलं तरी कळत होतं.

ताटं उचलल्यावर ती सासूजवळ जाऊन बसली. "आत्याबाई, एक ऐकाल माझं? पुढच्या वेळी त्या बायांनी विचारलं ना, तर जाते म्हणा. एकदाच."

मथुराबाईंनी कानांवर हात ठेवले. "काय अभद्र बोलते वं. भरल्या घरातून निघताना जाते म्हणू? तू म्हणशीन?"

 कोकिळाही कधी म्हणाली नव्हती. माहेरातून निघताना नाही, दवाखान्यातून निघताना नाही, ज्या बँकेतल्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं त्यालाही ती "येते" म्हणूनच उठली होती.

"मग मी येते तुमच्याबरोबर होडीत," ती म्हणाली. "बायांशी मीच बोलते. तुम्ही तोंड उघडायचं नाही, एवढी माझी अट. मग पासचं बघू."

मथुराबाईंचा चेहरा पुन्हा खुलला. "चल ना. त्या सारख्या विचारतात तुला."

६

पाडव्याच्या आधीचा रविवार. मनमौजला ही गर्दी, स्कीमचा शेवट जवळ आलेला. गिरधरराव पासच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. "तुमचं काय ठरेल ते ठरू द्या," ते म्हणाले, "नंबर तर लागून राहू दे." गाणी वाजत होती, पोरं किंचाळत होती, तळणाचा वास सुटला होता. एवढ्या आवाजात घाबरायला लाज वाटावी. सासू डावीकडे, सून उजवीकडे, बदक छान सरळ. उखर्डूनं पायानं ढकललं.

गुहेत शिरल्याबरोबर गाणी बंद झाली. दूर गेली, हळू झाली असं नाही, बंदच झाली. वास होता ओल्या सिमेंटचा, आणि त्याखाली दुसरा, वाळत न घातलेल्या लुगड्यांचा. छिद्रांतून उजेडाचे गोल पाण्यावर पडत होते. कोकिळानं सासूचा हात मांडीवर घेऊन घट्ट धरला आणि मनात पाढे म्हणायला लागली. आवाज येत होते ते पाण्याचेच होते. बांगड्यांसारखे वाटत होते, पण पाण्याचेच.

मग होडी थांबली. पाणी वाहत होतं, होडी थांबली होती.

उजेडाच्या पुढच्या गोलात, कालव्याच्या दोन्ही कडांना, तिला पावलं दिसली. नुसती पावलं. घोट्यापर्यंत उजेड, वर अंधार. ओली, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली, बोटांत जोडवी. एक जोडी, तिच्या शेजारी दुसरी, मग पुढच्या गोलात आणखी, आणि त्याच्या पुढच्यातही. पुतळे असतील, कोकिळाच्या मनानं सांगितलं. मालकानं पुतळे बसवले असतील, उखर्डूला माहीत नसेल. मग जवळच्या एका पावलाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पावलावरची माशी हाकलली.

"हीच का सून?" अगदी कानाशी कोणी तरी कौतुकानं म्हणालं.

मथुराबाई बोलायला गेल्या तसा कोकिळानं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. पावलं हलली नाहीत. मग तो आवाज पुन्हा आला, मायेचा, घरगुती, चुलतसासूचा असावा असा.

"चालली का?"

कोकिळा आठवडाभर तयारी करून आली होती. 'जातो', एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तिनं तोंड उघडलं, आणि जीभ वळेना. शेजारी सासू होती. तिच्या देखत 'जातो' म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? आणि खरंच गेलो तर? 'येतो' तर म्हणायचंच नव्हतं. सगळ्या वाट बघत होत्या. त्या शांततेत ती अवघडून गेली, भीतीपेक्षाही जास्त अवघडली. वडीलधाऱ्या बायका विचारताहेत आणि आपण दगडासारखं बसलोय, हे तिच्या हाडांना सोसेना. आणि मग तिच्या तोंडून तेच निघालं जे अशा वेळी चार घरच्या चार बायकांच्या तोंडून निघतं.

"नेहमी आम्हीच येतो," ती म्हणाली, "आता तुम्हीच या एकदा आमच्याकडे."

गुहाभर एक हसू पसरलं. खूश झालेल्या बायकांचं हसू.

"येऊ की," तो आवाज म्हणाला. आणि मागून, पुढून, वरून, पार आतून, "येऊ की," "येऊ ना."

होडी सुटली. उन्हात आल्यावर गाणी पुन्हा सुरू होती, आणि कोकिळा हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. मथुराबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"छान बोलली," त्या म्हणाल्या. "मला सुचलंच नव्हतं. आता कशाला इतक्या दूर यायचं?"

गिरधररावांचा नंबर आलाच होता. मथुराबाईंनी रांगेतून त्यांना बाहेर ओढलं आणि पास नको म्हणून सांगितलं. ते बिचारे तोंड बघत राहिले.

७

पुढचे दिवस इतके सुखाचे गेले की कोकिळाला स्वतःचं हसू येऊ लागलं. मथुराबाई घरात होत्या. रिक्षा स्टँडवर गेल्या नाहीत. गुडघेही दुखले नाहीत. पाडव्याला त्यांनी स्वतः श्रीखंडाचा चक्का बांधला. वाचलेल्या पैशांत गिरधररावांनी मिक्सर आणला, त्यावर कसलीशी स्कीम होती. आपण शिकलेल्या बाई, कुठल्या पाण्याच्या आवाजाला घाबरलो, असं कोकिळा स्वतःला म्हणायची आणि पावलांचा विषय मनात आला की घाईनं दुसरा काढायची.

फक्त म्हातारी जरा जास्तच कामाला लागली होती. माळ्यावरची मोठी पातेली उतरवून घेतली. सतरंज्या उन्हात टाकल्या. एवढ्या कशाला, विचारलं तर म्हणायच्या, "घर आहे. माणसं येतात."

शनिवारी शाळा सकाळची असते. कोकिळा दुपारी घरी आली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पुढच्या खोलीत मथुराबाई खाटेवर पाय हलवत बसल्या होत्या. दार सताड उघडं होतं आणि उन्हाचा पट्टा फरशीवर थेट देवघरापर्यंत आला होता.

तो पट्टा गेला.

ढग आला असं वाटून कोकिळानं डोकं बाहेर काढलं. दारातून गल्ली दिसत होती, समोरची भिंत दिसत होती, भिंतीवर ऊन होतं. पण खोलीत अंधारलं होतं. दारात माणसं दाटून उभी राहिली की खोली जशी अंधारते तशीच. उंबऱ्यावर पाण्याचा एक ओघळ आला, थांबला, आणि त्याच्या शेजारी दुसरा. लुगड्यांचा तो वास घरात आला.

"उंबऱ्यात किती वेळ उभ्या राहता," मथुराबाई कौतुकानं म्हणाल्या. "या ना आत. कोकिळे, बघ कोण आलं."

कोकिळा भिंतीला धरून उभी राहिली.  पळावं तर दार एकच, आणि त्यात त्या.

"अशी काय उभी? पहिल्यांदा आल्या आहेत, सवाष्णी आहेत. कुंकू लाव." मथुराबाईंनी देवघरातला करंडा उचलून तिच्या हातात दिला. त्यांचा आवाज जरा खाली आला. "मी लावलं असतं, पण मला कसं चालेल? तुलाच लावावं लागेल. तूच बोलावलं ना त्यांना."

आणि कोकिळा गेली. कशी गेली ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. बोलावलेली बाई दारात उभी आहे आणि तिचं कपाळ मोकळं, एवढंच तिच्या हातापायांना कळत होतं. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि दारातल्या रिकाम्या जागेत, समोरच्या भिंतीवरच्या उन्हाकडे बघत, हात पुढे केला.

बोट कपाळाला टेकलं. गार होतं, ओलं होतं, आणि कुंकू लावून घेण्यासाठी ते थोडं पुढे झुकलं.

मागे मथुराबाई खाटेवरून वाकून गल्लीच्या टोकापर्यंत बघत होत्या. त्या कधी नव्हत्या एवढ्या आनंदात होत्या.

"घाई नको करू," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना नीट लाव. अजून बऱ्याच आहेत बाहेर."

कोकिळानं पुन्हा बोट करंड्यात बुडवलं.